घाम येतो, पण अंग निवत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे 46 वर्षांचे, वजन 70 किलो. रोज संध्याकाळी कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाच्या काठाने 5 किलोमीटर धावतात, साधारण अर्धा तास लागतो. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. घरी येऊन गार पाण्याने आंघोळ केली तरी टॉवेल दोरीवर टाकेपर्यंत कपाळावर पुन्हा घाम जमतो. एप्रिलच्या उन्हाळ्यात धावणं जमलं, पण जूनच्या सुरुवातीला आभाळ भरून आलं, पारा उतरला आणि नेमका तेव्हाच जीव जास्त दमायला लागला. एका संध्याकाळी धावणं संपवून कट्ट्यावर टेकले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. मुलगा तालमीत जातो. तिथं सांगतात, घाम अंगात मुरू दे, पाणी लगेच पिऊ नको. यात खरं किती आणि शरीर आपली उष्णता सांभाळतं तरी कसं?

क्रीडावैद्यकात माझी 22 वर्षं गेली, त्यातली बहुतेक पैलवान आणि फुटबॉल खेळणाऱ्या पोरांच्या संगतीत. अलीकडे तुमच्यासारखे चाळिशीनंतर बूट चढवणारेही पुष्कळ येतात. तुमच्या सगळ्या तक्रारींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे, म्हणून तो आधी सांगतो. घाम आला म्हणजे अंग गार झालं, असं आपण धरून चालतो. अंग गार होतं ते घाम वाळल्यामुळे. येणं आणि वाळणं यांच्यामध्ये हवा, वारा, कपडे आणि गर्दी एवढ्या गोष्टी उभ्या असतात.

तुमच्याच धावण्याचा हिशेब मांडू. सपाटीवर धावताना दर किलोमीटरला वजनाच्या किलोमागे अंदाजे 1 किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे 5 किलोमीटरला 350. स्नायू हे काही फार काटकसरी इंजिन नव्हे. खर्चातला जेमतेम चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामाला लागतो, उरलेल्याची उष्णता होते. म्हणजे अर्ध्या तासात 260 किलोकॅलरी उष्णता तुमच्या अंगात तयार झाली. 70 किलोच्या शरीराचं तापमान 1 अंशाने चढवायला साधारण 58 किलोकॅलरी पुरतात. यातली थोडीही उष्णता बाहेर पडली नसती, तर 37 वरून तुम्ही अर्ध्या तासात 41.5 अंशांवर पोचला असता आणि रंकाळ्यावरून घरी येण्याऐवजी थेट दवाखान्यात आला असता. प्रत्यक्षात अशा धावण्यानंतर आतलं तापमान 38 ते 38.5 च्या घरात असतं. म्हणजे बहुतेक उष्णता धावता धावताच बाहेर गेली. हे काम इतकं मुकाट्यानं होतं की त्याची कुणाला जाणीवही नसते.

ही उष्णता वाहून नेतं रक्त. मांड्या-पोटऱ्यांत तापलेलं रक्त फिरत फिरत मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचतं. तिथल्या पेशींना अर्ध्या अंशाचा फरकही कळतो. मग दोन हुकूम सुटतात. त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि घामाच्या ग्रंथी चालू होतात. अशा ग्रंथी अंगभर 20 ते 40 लाख असतात. एरवी त्वचेला मिनिटाला पाव ते अर्धा लिटर रक्त पुरतं. उन्हात, अगदी टोकाच्या वेळी, ते 6-8 लिटरपर्यंत चढू शकतं. आता अडचण अशी की त्याच वेळी पायाचे स्नायूही रक्त मागत असतात. एका विहिरीवर दोन मोटा लागल्यासारखं होतं. म्हणून उकाड्यात त्याच वेगाने धावलं तरी नाडी 10-15 ठोक्यांनी जास्त पडते. घड्याळ बिघडलेलं नसतं आणि तुमचा दमही कमी झालेला नसतो, हृदय दोन्हीकडे पाणी देत असतं.

त्वचेपर्यंत आलेली उष्णता पुढे हवेत कशी जाते, ते शाळेत आपण सगळेच शिकलो आहोत: वहन (टेकलेल्या वस्तूतून), अभिसरण (वाहत्या हवेतून), प्रारण (किरणांवाटे) आणि बाष्पीभवन. धावणाऱ्याला वहनाचा फारसा उपयोग नाही, कारण त्याच्या अंगाला हवेशिवाय काही टेकत नाही. पैलवानाचं वेगळं आहे. हौदातल्या ओलसर तांबड्या मातीत अंग टेकलं की उष्णता सरळ मातीत उतरते. सरावानंतर पोरं मातीत लोळतात, अंगावर माती ओढून घेतात, तेव्हा त्यांना गार वाटतं ते उगीच नव्हे. पण कुस्ती चालू असताना उलटं होतं. समोरच्याचं अंगही तुमच्याइतकंच तापलेलं असतं आणि ते तुमच्या छातीला, पाठीला चिकटलेलं असतं. तेवढ्या भागातून ना वारा लागतो, ना घाम वाळतो. कुस्तीत माणूस इतका लवकर का पेटतो, याचं निम्मं उत्तर त्या मिठीत आहे.

अभिसरण आणि प्रारण हे हवा त्वचेपेक्षा गार असेपर्यंतच चालतं. व्यायामात त्वचा 33 ते 35 अंशांवर असते. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी पारा 36-37 वर गेला की हे दोन रस्ते बंद होतात, उलट बाहेरचीच उष्णता अंगात यायला लागते. मग सगळी भिस्त घामावर.

घामाची ताकद मात्र जबरदस्त आहे. 1 लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. म्हणजे तुमच्या 260 किलोकॅलरींसाठी अर्धा लिटरही लागू नये. पण तो वाळला पाहिजे. कोपरावरून टपकला, बनियनमध्ये जिरला, रुमालाने पुसला, तो वाया गेला. पाणी आणि मीठ तेवढं गेलं, गारवा मिळाला नाही.

चार्ल्स ब्लॅग्डेन नावाच्या इंग्रज डॉक्टरने 1775 मध्ये याचा एक धाडसी प्रयोग प्रसिद्ध केला होता. तो आणि त्याचे सोबती पाण्याच्या उकळबिंदूपेक्षाही जास्त तापवलेल्या कोरड्या खोलीत काही मिनिटं जाऊन उभे राहिले आणि धडधाकट बाहेर आले. त्याच खोलीत ठेवलेला मांसाचा तुकडा मात्र शिजला. (कोल्हापूरकराला यातलं शेवटचं वाक्य जास्त लक्षात राहील, माझी हरकत नाही.) त्यांनी पाण्याची दोन भांडीही ठेवली होती, त्यातल्या एकात वर तेलाचा तवंग. तेलवालं पाणी उकळलं. उघडं पाणी मात्र वाफ सोडत सोडत कितीतरी खालीच अडून राहिलं. माझ्या मते या शास्त्रातला इतका स्वच्छ प्रयोग दुसरा नाही. तेवढ्यासाठीच मी पोरांना सांगतो, तेलाची मालीश सराव संपून अंग निवल्यावर करा, उन्हात पळायला जाण्याआधी नको.

आता तुमचा जून. आपल्या घरातला माठ आठवा. मार्चमध्ये त्यातलं पाणी दात शिवशिवतील इतकं गार असतं. मृग लागण्याच्या सुमारास तोच माठ बाहेरून चिंब ओला, खाली पाण्याचं थारोळं आणि आत पाणी जेमतेम गार. माठ पाझरतोय, पण पाझरलेलं पाणी उडत नाही. तुमचं अगदी तसंच झालं.

आकड्यांत सांगायचं तर असं. एप्रिलच्या संध्याकाळी हवा 36 अंश आणि आर्द्रता 25 टक्के धरा, तर एक घनमीटर हवेत 10 ग्रॅमच्या आसपास वाफ असते. जूनच्या सुरुवातीची 30 अंशांची, 80 टक्के आर्द्रतेची हवा घेतली तर तिच्यात 24 ग्रॅम. घामाने भिजलेल्या 35 अंशांच्या त्वचेला अगदी लगटून असलेल्या हवेत ही वाफ 40 ग्रॅम असते. घाम उडतो तो या फरकाच्या जोरावर. एप्रिलमध्ये फरक 30 चा, जूनमध्ये 16 चा. पारा 6 अंशांनी उतरला, पण घाम उडवणारा फरक निम्म्यावर आला. वर वारा पडलेला असेल तर विचारूच नका, कारण अंगाभोवती जमलेली दमट हवा हटवायला कुणी नसतं. म्हणून त्या पंधरवड्यात पाऊस पडून हवा मोकळी होईपर्यंत घड्याळ घरी ठेवा. वेगाकडे बघू नका, दम लागण्याकडे बघा. बोलता येईल एवढ्याच वेगाने धावा. खोलीत ट्रेडमिलवर पंखा न लावता धावणाऱ्यांचीही हीच गत असते. माणूस जागच्या जागी धावतो, त्यामुळे त्याला स्वतःच्या धावण्याचा वारा मिळत नाही.

गर्दीही हेच करते. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठी नाचवणाऱ्यांचं बघा. काठीचा भार, वर ऊन, अंगावर गुलालाचा थर, चारी बाजूंनी माणसं. वारा शिरत नाही आणि शेजारचा प्रत्येक जण स्वतःच एक शेगडी. भक्तीच्या भरात हे जाणवत नाही, पण शरीराच्या हिशेबाने तो कठीण व्यायाम आहे. गावात राहून शेतात राबणारा गडी तो निभावून नेतो. पुण्यात वर्षभर एसीत बसून आदल्या रात्री एसटीने आलेला त्याचा चुलतभाऊ कोसळतो. फरक मनगटाचा नाही, सवयीचा आहे. रोज तासभर उकाड्यात घाम काढला की पहिल्या 4-5 दिवसांतच रक्तातलं पाणी वाढतं. 10 ते 14 दिवसांत घाम लवकर सुरू होतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. ही कमाई टिकाऊ नसते, दोन-तीन आठवडे एसीत काढले की बरीचशी जाते. काठी धरायची असेल त्याने गुढीपाडव्यापासून रोज संध्याकाळी चालायला लागावं.

बरं, धावणं संपलं. इथून पुढचा भाग लोकांना कमी ठाऊक असतो आणि तुमची आंघोळ आणि अंधारी दोन्ही त्यातच आहेत.

गुऱ्हाळात चुलवाणातला जाळ ओढला तरी काहिलीतला रस लगेच निवत नाही. धावताना मांडीचा स्नायू आतल्या रक्तापेक्षाही गरम असतो, 39 अंशांच्या वर सहज जातो. तुम्ही थांबलात की नवी उष्णता तयार होणं काही मिनिटांत मंदावतं, पण मांड्यांत साठलेली हळूहळू रक्तात उतरत राहते. त्याच क्षणी आणखी एक गोष्ट घडते. ताशी 10 किलोमीटरने धावताना तुम्हाला ताशी 10 किलोमीटरचा वारा फुकट मिळत होता, तो बंद होतो. आतापर्यंत अंगावरच उडून जाणारा घाम आता दिसायला आणि ओघळायला लागतो. धावताना नव्हता एवढा घाम थांबल्यावर कसा आला, असं सगळे विचारतात. घाम तेवढाच असतो, किंबहुना कमी होत असतो. फक्त वाळायचा थांबलेला असतो.

अशा वेळी तुम्ही घरी येऊन चार तांबे गार पाणी ओतता. त्वचेला छान वाटतं, पण गारठ्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि एवढ्या थोड्या पाण्याने आतली उष्णता आतच राहते. न्हाणीघरात हवा दमट, वारा नाही. पुसून बाहेर येता तोवर वाहिन्या पुन्हा उघडतात, आतलं गरम रक्त त्वचेवर येतं, हायपोथॅलॅमस म्हणतो काम अजून बाकी आहे, आणि कपाळ ओलं होतं. यात आजार काही नाही. थांबल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला, घरी येऊन ओला बनियन बदला, पंख्याखाली बसा, हातपाय-तोंड धुवा. नाडी खाली आली, अंगावर घामाचे थेंब फुटायचे थांबले की मग आंघोळ. पाणी साधं घ्या, फार गार नको. एक सोपी युक्ती: बादलीभर गार पाण्यात कोपरापर्यंत दोन्ही हात दहा मिनिटं बुडवून ठेवा. हाताच्या पंजात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. अंग तापलेलं असताना त्या सहजासहजी आवळत नाहीत, त्यामुळे त्या वाटेने उष्णता बरी निघते. फुटबॉलच्या पोरांना मी मध्यंतरात हेच करायला लावतो. मानेवर ओला टॉवेल टाकल्याने बरं वाटतं, नाही असं नाही, पण आतलं तापमान त्याने फारसं हलत नाही.

यात एक विचित्र गोष्ट आहे. व्यायामानंतर घाम आणि त्वचेचं रक्त विस-तीस मिनिटांत जवळजवळ नेहमीच्या पातळीवर येतं, पण आतलं तापमान मात्र तासभर किंवा त्याहूनही जास्त वेळ काही दशांशांनी, कधी अर्ध्या अंशाने, चढंच राहतं. आत गरम असताना शरीर गार करण्याचं काम अर्धवट का सोडतं? कारण त्याला त्या घडीला रक्तदाबाची जास्त काळजी असते. धावताना पोटऱ्या प्रत्येक पावलाला रक्त पिळून वर ढकलत असतात. तुम्ही एकदम थांबता, पोटऱ्या थांबतात, पायांतल्या आणि त्वचेतल्या वाहिन्या मात्र अजून सताड उघड्या असतात. रक्त पायांत साचतं, हृदयाकडे कमी परततं, दाब पडतो. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या धमन्यांवर दाब ओळखणारे चेतातंतू असतात, ते ओरडतात आणि शरीर त्वचेचं रक्त कमी करून मेंदूचं सांभाळतं. तुम्ही कट्ट्यावर टेकलात तेव्हा ही सारवासारव वेळेत झाली नाही. म्हणून शेवटच्या वळणापासून वेग कमी करत आणा आणि मग चालत राहा. तरीही गरगरलं तर बसू नका, सरळ आडवे व्हा आणि पाय उंच करा. लोक बघतील याची लाज वाटते आणि माणूस बाक धरून उभा राहतो. तोच पडतो आणि डोकं आपटतो.

वस्तादांच्या सल्ल्याचं काय? घाम अंगात मुरत नाही. ग्रंथीतून बाहेर आलेला घाम परत आत जाण्याची सोय शरीरात नाही. पण त्या बोलण्यामागचा अनुभव मी टाकून देणार नाही. दमलेल्या पोराने घामेजल्या अंगावर थेट गार पाणी ओतू नये, जरा थांबावं, मातीत बसावं, एवढाच त्याचा अर्थ घेतला तर तो वरच्या सगळ्याशी जुळतो. आणि अंगावरचा घाम सतत पुसू नये, वाळू द्यावा, असा घेतला तर भौतिकशास्त्राशीही जुळतो.

पाण्याचं मात्र मी ऐकणार नाही. तांब्याभर पाणी एका दमात पिऊन पोरगं पुन्हा जोर मारायला गेलं तर त्याला मळमळतं, हे खरं. त्यावर उपाय म्हणजे थोडं थोडं पिणं, कोरडं राहणं नव्हे. वजनाच्या 2 टक्क्यांहून जास्त पाणी गेलं, म्हणजे 70 किलोच्या माणसाचं 1.4 लिटर, की रक्त दाट होतं, घाम आणि त्वचेचं रक्त दोन्ही घटतं आणि त्याच मेहनतीत आतलं तापमान जास्त चढतं. किती प्यायचं हे कुणाला विचारायची गरज नाही. सरावाआधी आणि नंतर, कोरड्या लंगोटावर, वजन करा. 1 किलो घटलं म्हणजे 1 लिटर गेलं. पुढच्या काही तासांत तेवढं आणि वर थोडं भरून काढा.

उलट टोकही तितकंच वाईट. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या 488 धावपटूंचं रक्त तपासलं, त्यातल्या 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, कमी निघालं. शर्यतीत पाणी पिऊन ज्यांचं वजन वाढलं होतं, त्यांना धोका सगळ्यांत जास्त होता. तुमच्या अर्ध्या तासाला वाटेत पाण्याची गरजच नाही. घरी आल्यावर तहानेपुरतं प्या. मुलाचा सराव दोन तासांचा असेल तर त्याला मीठही लागेल, कारण एका लिटर घामातून सरासरी 2 ग्रॅमच्या पुढेमागे मीठ जातं. मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत पुरे. बाटलीतल्या रंगीत पेयांवर पैसे घालवू नका. बदामाची थंडाई पैलवानाला पोसते, ती अंगातली उष्णता काढते हे मात्र नावापुरतंच. दुधा-बदामाचा जड खुराक पचवताना शरीर उलट थोडी उष्णता तयारच करतं. म्हणून ती सरावानंतर, निवल्यावर घ्यावी. चव उत्तम असते, ते वेगळं सांगायला नको.

एका गोष्टीबद्दल मला राग आहे. वजनगटात बसण्यासाठी प्लास्टिकचं जाकीट, त्यावर स्वेटर घालून भर उन्हात पळणं. याने चरबी जळत नाही, फक्त पाणी जातं आणि घाम वाळायचा एकमेव रस्ता आपण स्वतःच्या हाताने बुजवतो. 1997 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान महिनाभराच्या अंतरात असेच वजन उतरवताना गेले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि वाफेच्या खोल्यांवर बंदी आली.

आपल्याकडेही मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी, मे महिन्यात, एका मैदानावर मी डॉक्टर म्हणून बसलो होतो. 19 वर्षांचं पोरगं, वजनाला दीड किलो जास्त, सकाळपासून जाकीट घालून पळत होतं. त्याला माझ्याकडे आणलं तेव्हा ते स्वतःच्या भावाला ओळखत नव्हतं, शिव्या देत होतं. कपाळाला हात लावला तर गार आणि ओलं. आणणारे म्हणाले, "डॉक्टर, घाम येतोय की, ऊन लागलं न्हाई त्याला, भीतीनं करतंय." तिथंच माणसं फसतात. ऊन लागलेल्याचं अंग कोरडं असतं, हे घरात निपचित पडलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत पुष्कळदा खरं ठरतं. व्यायामात कोसळणारा घामाने निथळत असू शकतो. कपाळावरचं किंवा काखेतलं तापमानही अशा वेळी खोटं बोलतं. गुदद्वारातून मोजलं तर 41.2 होतं.

मैदानाशेजारी जनावरांसाठी पाण्याची सिमेंटची टाकी होती. जाकीट कापून काढलं, दोघांनी काखेत धरून त्याला मानेपर्यंत टाकीत बसवलं, एकाने शीतपेयवाल्याकडून बर्फाची लादी आणून फोडली, मी पाणी ढवळत राहिलो. विसाव्या मिनिटाला त्याने विचारलं, वजन झालं का. मग बाहेर काढून रुग्णवाहिकेत घातलं. आधी दवाखान्यात पळवलं असतं तर वाटेतला पाऊण तास मेंदू त्याच तापात शिजला असता. 40 च्या वर तापमान आणि भ्रमिष्टासारखं वागणं, ही जोडी दिसली की आधी गार करायचं, मग हलवायचं. टाकी नसेल तर ताडपत्रीची झोळी करून चौघांनी धरा, त्यात माणूस, पाणी आणि बर्फ. शुद्धीवर नसलेल्याला तोंडाने पाणी पाजू नका. पॅरासिटामॉल देऊ नका. आजारातल्या तापात, अंग किती गरम ठेवायचं याची हायपोथॅलॅमसमधली खूणच वर सरकलेली असते, गोळी ती खाली आणते. इथं खूण जागेवरच असते, उष्णताच अनावर झालेली असते. गोळीला करण्यासारखं काही नसतं, यकृताला त्रास तेवढा.

पावसाळ्यात याच यंत्राची दुसरी बाजू दिसते. जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालणाऱ्यांना चालताना कधी थंडी वाजत नाही, मुक्कामाला थांबल्यावर दातावर दात वाजायला लागतात. उष्णता तयार होणं थांबलं, पण भिजलेले कपडे आणि डोंगरावरचा वारा अंगातली उष्णता काढतच राहिले. शिवाय प्लास्टिकचा रेनकोट घालून चढलेला माणूस आतून घामानेच भिजलेला असतो. पाठीवरच्या पिशवीत, वेगळ्या पिशवीत बांधलेला एक कोरडा सदरा हवा. थांबल्यावर चहाच्या आधी तो घालायचा.

तुमच्या वयाबद्दल फार काही नाही, चाळिशीनंतर घाम किंचित उशिरा सुरू होतो एवढंच. गोळीबद्दल मात्र आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि मीठ काढतात, त्यामुळे उकाड्यात पाण्याची तूट लवकर पडते. बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्या नाडी चढू देत नाहीत आणि त्वचेचं रक्तही थोडं आखडतात. इतर काही गोळ्या रक्तवाहिन्या सैल ठेवतात, त्यामुळे थांबल्यावर दाब जास्त पडतो. यातलं काहीही वाचून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. ती सकाळी घेता की धावायला जाण्याआधी, तिचं नाव काय, आणि अंधारी आली त्या दिवशी छातीत धडधड किंवा दुखणं होतं का, एवढं कळवा. धावताना, म्हणजे थांबण्याआधीच, कधी गरगरलं असेल तर कळवण्यातही वेळ घालवू नका, आधी ईसीजी काढून घ्या.